गाडीची एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यावी की नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी टर्बो पेट्रोल, ड्युअल क्लच ऑटोमॅटिक (दोन क्लच वापरून गिअर आपोआप बदलणारी). कंपनीची ३ वर्षे किंवा १ लाख किलोमीटरची वॉरंटी दोन महिन्यांत संपते आहे. वर्षाला जेमतेम ९ हजार किलोमीटर चालते आणि अजून चार-पाच वर्षे ठेवायचा विचार आहे. डीलरकडून सारखे फोन येताहेत की चौथ्या-पाचव्या वर्षाची एक्स्टेंडेड वॉरंटी आत्ताच घ्या, नंतर मिळणार नाही. घरात एकाचं म्हणणं, हे निव्वळ पैसे उकळणं आहे. दुसऱ्याचं म्हणणं, गिअरबॉक्स गेला तर काय करणार?

दोघंही बरोबर असू शकतात, म्हणून तर भांडण मिटत नाही. आधी उत्तर देतो, मग कारणं. तुमच्या गाडीला मी कंपनीची स्वतःची दोन वर्षांची वॉरंटी घ्या म्हणेन, पण एका गोष्टीचा लेखी खुलासा मिळाल्यावरच. हीच गाडी साध्या, बिनटर्बोच्या पेट्रोल इंजिनाची आणि मॅन्युअल गिअरची असती तर मी म्हटलं असतं, राहू द्या.

मी बरीच वर्षे वर्कशॉपमध्ये आणि पुढे वॉरंटी क्लेम तपासायच्या टेबलावर काढली आहेत. वॉरंटी विकणारा अख्ख्या गाडीबद्दल बोलतो. क्लेम तपासणारा मात्र एका भागाबद्दल, त्याच्या पार्ट नंबरबद्दल आणि तो का गेला याबद्दलच बोलतो. विकत घेणाऱ्यानेही तसाच विचार करावा. 'माझी गाडी बिघडेल का?' या प्रश्नाला उत्तर नसतं. 'माझ्या गाडीत असे कोणते दोन-तीन भाग आहेत, जे गेले तर मला खरोखर जड जाईल, आणि ते या करारात आहेत का?' याला असतं.

गाडीवर खर्च तीन कारणांनी येतो. वापरून झीज होते, अपघात किंवा पाण्यासारखं बाहेरचं संकट येतं, किंवा भाग आतून सदोष निघतो. झीज तुमच्या खिशातून जाते. ब्रेक पॅड, वायपर, टायर, क्लच प्लेट, सस्पेन्शनचे बुश, बल्ब, बॅटरी हे सगळं तिथे येतं. दुसरा खर्च विमा भरून देतो. वॉरंटी फक्त तिसऱ्याची, मग ती मूळ असो की वाढवलेली. साचलेल्या पाण्यात गाडी घातली, इंजिनाने पाणी ओढलं आणि कनेक्टिंग रॉड वाकला, तर जगातली कुठलीही वॉरंटी त्याला हात लावणार नाही. लोक तिथेच चिडतात, 'वॉरंटी होती ना?' म्हणतात. होती, पण ती या कामाची नव्हती. त्यासाठी विम्यात इंजिन संरक्षणाचं वेगळं कलम घ्यावं लागतं.

आता तुमच्या गाडीतले महागडे भाग बघू.

पहिला अर्थातच गिअरबॉक्स. ड्युअल क्लचमध्ये पैसे खाणाऱ्या वस्तू दोन, आणि त्या वेगळ्या ओळखायला हव्यात. एक मेकाट्रॉनिक युनिट. व्हॉल्व्ह, सोलेनॉइड, प्रेशर सेन्सर आणि कंट्रोल बोर्ड अशी सगळी मंडळी एकाच असेंब्लीत बसलेली असतात. त्यातला एक सेन्सर गेला तरी अधिकृत वर्कशॉप सहसा आख्खं युनिट बदलतं, कारण सुटे भाग कंपनी देत नाही. वर प्रोग्रॅमिंग आणि नव्या युनिटला गाडीशी जुळवून घ्यायला शिकवणारं अ‍ॅडाप्टेशन. दुसरी वस्तू म्हणजे क्लच पॅक, दोन्ही क्लचच्या तबकड्यांचा संच. गाडी मुंगीच्या पावलांनी पुढे सरकताना पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये थरथर जाणवते ना, ती बहुतेक वेळा याची. ड्राय क्लच असेल तर उष्णता बाहेर न्यायला तेल नसतं, त्यामुळे रांगणाऱ्या ट्रॅफिकमध्ये तो जास्त सोसतो.

गोम अशी की क्लच हा झिजणारा भाग म्हणून बहुतेक करारांत सरसकट वगळलेला असतो. मॅन्युअल गाडीत ते रास्तच आहे. पण तेच वाक्य ड्युअल क्लचच्या गाडीलाही लागू झालं तर ज्या भीतीपोटी तुम्ही पैसे भरताय तिचा अर्धा भाग कराराबाहेर राहिला. काही कंपन्या ड्युअल क्लचचा पॅक ट्रान्समिशनचा भाग मानून घेतात, काही घेत नाहीत, काही ठरावीक किलोमीटरपर्यंतच घेतात. मघाशी म्हटलेला लेखी खुलासा तो हाच. 'सर, सगळं कव्हर आहे' हे फोनवरचं वाक्य क्लेमच्या दिवशी कोणी मोजत नाही. ईमेल पाठवून विचारा: मेकाट्रॉनिक आणि क्लच पॅक, दोन्ही आहेत का? थरथर ही तक्रार दोष मानली जाते की झीज? उत्तर आलं की ते ईमेल जपून ठेवा.

दुसरा भाग टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा. छोट्या टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेतो, तोही तेलाच्या पातळ थरावर. तेल जळकं झालं, तेलाची बारीक नळी गाळाने बुजली, की बेअरिंग गेलंच म्हणून समजा. भाग महाग आहे आणि करारात बहुधा असतोही. पण टर्बोचा क्लेम आला की तपासणारा सगळ्यात आधी ऑइल बदलल्याच्या तारखा काढतो. तुमच्यासारखी कमी चालणारी गाडी इथेच फसते. 'अजून १० हजार किलोमीटर झालेच नाहीत' म्हणून माणूस दीड वर्ष ऑइल बदलत नाही. सर्व्हिसच्या वेळापत्रकात मात्र 'अमुक किलोमीटर किंवा १२ महिने, जे आधी होईल ते' असं लिहिलेलं असतं. हा 'जे आधी होईल ते' पुढेही भेटणार आहे.

तिसरा एसी. कॉम्प्रेसरची धास्ती सगळ्यांना असते, पण डॅशबोर्डच्या पोटात बसलेला, हवा गार करणारा इव्हॅपोरेटर जास्त त्रास देतो. भाग मुळात फार महाग नसतो. मजुरी महाग असते, कारण गळती काढायला आख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो आणि तो परत बसवताना कुठेतरी कुईकुई आवाज यायला लागतो तो वेगळाच. म्हणून करारात भागांसोबत मजुरी, गॅस, कूलंट, ऑइल, सील धरले आहेत का ते बघा. काही करार भाग देतात आणि बाकीचं बिल तुमच्या हातात ठेवतात.

त्यानंतर इलेक्ट्रॉनिक्स. इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंग, मधली मोठी स्क्रीन, कॅमेरे, रडार, दिवे, काचा, लॉक सांभाळणारं बॉडी कंट्रोल मॉड्यूल. नव्या गाड्यांत हा ढीग वाढत चालला आहे आणि यातलं दुरुस्त फारसं होत नाही, बदललंच जातं. स्क्रीन बऱ्याच करारांत वगळलेली असते. विचारून घ्या.

आता हिशोब. सर्व्हिस सेंटरच्या पार्ट्स काउंटरवर जाऊन या चार-पाच भागांचं मजुरीसह एस्टिमेट मागा. देतात, थोडा आग्रह धरावा लागतो. मग प्रत्येक आकड्याला वॉरंटीच्या किमतीने भागा. समजा मेकाट्रॉनिकचा खर्च वॉरंटीच्या ५ पट निघाला. म्हणजे त्या दोन वर्षांत तो जाण्याची शक्यता २० टक्क्यांहून जास्त असेल, तरच त्या एका भागाच्या जोरावर निव्वळ गणितात वॉरंटी फायद्याची. एसीचा खर्च दीडपट निघाला तर तीच शक्यता ६७ टक्के हवी, जी कुठल्याच धड गाडीत नसते. दर क्लेमला तुम्हाला स्वतःचा काही वाटा भरावा लागणार असेल तर तो आधी खर्चातून वजा करा. एवढ्या गणितानेच अर्धं धुकं निवळतं: किरकोळ आणि मध्यम बिघाडांसाठी वॉरंटी कधीच परवडत नाही. ती टिकते एखाद-दोन मोठ्या बिघाडांवर.

आणि सरासरी माणसाच्या हिशोबात ती तोट्याचीच असणार, हेही मान्य करून टाका. विकणाऱ्याला क्लेम द्यायचे असतात, कर्मचाऱ्यांचा पगार काढायचा असतो, डीलरला कमिशन द्यायचं असतं आणि नफाही हवा असतो. हे सगळं तुमच्या किमतीतूनच येतं. कन्झ्युमर रिपोर्ट्स या अमेरिकी ग्राहक संस्थेने २०१३ मध्ये आपल्या वाचकांना विचारलं, तेव्हा एक्स्टेंडेड वॉरंटी घेतलेल्यांपैकी ५५ टक्के लोकांनी ती दुरुस्तीसाठी एकदाही वापरली नव्हती. यावरून 'फसवणूक' असा निष्कर्ष काढणारे असतात. मला तो पटत नाही, कारण वापरली न जाणं हे विम्याच्या बऱ्याच प्रकारांत बहुसंख्यांचं नशीब असतं. खरा प्रश्न असा की त्या मोठ्या बिघाडाचं बिल उद्या समोर आलं तर तुम्ही ते हप्ते, फी, घरखर्च न विस्कटता भरू शकता का? शकत असाल तर वॉरंटीचे पैसे वेगळ्या खात्यात टाका आणि विसरा. पाच वर्षांनी बहुधा ते तुमचेच राहतील. शकत नसाल तर थोडा तोटा सोसून निर्धास्त राहण्यात काही गैर नाही.

डीलर जे सांगत नाही ते म्हणजे चौथं आणि पाचवं वर्ष हा गाडीच्या आयुष्यातला तुलनेने शांत काळ असतो. यंत्रांच्या बिघाडाचा आलेख साधारण बाथटबच्या आकाराचा निघतो. सुरुवातीला कारखान्यातले दोष उघडे पडतात म्हणून उंच, मग बराच काळ सपाट, आणि शेवटी म्हातारपण सुरू झालं की पुन्हा वर. सुरुवातीची उंची मूळ वॉरंटीत निघून जाते. वाढवलेली वॉरंटी नेमकी सपाट तळावर विकली जाते, म्हणून विकणाऱ्याला परवडते. सहाव्या-सातव्या वर्षाची मिळत असेल तर ती महाग असते, तीही याच कारणाने.

मग तुम्हाला घ्या का म्हणतोय? कारण हा सपाट तळ सगळ्या भागांना सारखा लागू नाही. वर्षानुवर्षं घासूनपुसून निघालेलं डिझाइन तिथे खरंच शांत असतं. ड्युअल क्लचचं मेकाट्रॉनिक, काही सीव्हीटी (ठरावीक गिअरांऐवजी पट्टा-पुलीवर चालणाऱ्या ऑटोमॅटिक), पहिल्याच पिढीची टर्बो इंजिनं यांचा तळ तितका सपाट नसतो. हे कंपन्यांनीच कबूल केल्याचे दाखले आहेत. निस्सानने २००९ मध्ये अमेरिकेत आपल्या २००३ ते २०१० च्या सीव्हीटी गाड्यांची ट्रान्समिशन वॉरंटी ५ वर्षे किंवा ६० हजार मैलांवरून थेट १० वर्षे किंवा १ लाख २० हजार मैलांवर नेली. फोक्सवॅगनने २०१२ मध्ये चीनमध्ये आपल्या ड्युअल क्लच गिअरबॉक्सची वॉरंटी १० वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर केली. दोन्ही ठिकाणी ग्राहकाला जादा पैसे पडले नाहीत. म्हणून काहीही विकत घेण्याआधी तुमच्या मॉडेलला असं काही आधीच मिळालंय का, एखादा रिकॉल किंवा सर्व्हिस कॅम्पेन (कंपनी स्वतःहून फुकट दुरुस्ती करून देते ती मोहीम) चालू आहे का, हे चॅसिस नंबर देऊन विचारा. जे फुकट मिळणार आहे त्याचे पैसे भरू नका.

आता किलोमीटर. 'जे आधी होईल ते' या चार शब्दांत निम्मी वॉरंटी विरघळते. समजा योजना एकूण ५ वर्षे किंवा १ लाख किलोमीटरची आहे आणि एखाद्याची गाडी वर्षाला ३० हजार चालते. त्याचे १ लाख किलोमीटर ३ वर्षे ४ महिन्यांत संपतील. मूळ वॉरंटी ३ वर्षांची होतीच. म्हणजे त्याने दोन वर्षांचे पैसे देऊन चार महिने विकत घेतले! भरपूर चालवणाऱ्याने किलोमीटरची मर्यादा किती वाढतेय तेच बघावं, वर्षांकडे बघूच नये. तुमचं उलटं आहे. पाचव्या वर्षाच्या शेवटी तुमच्या गाडीने ४५ हजारच केलेले असतील, त्यामुळे दोन्ही वर्षं पुरेपूर मिळतील. मात्र कमी चालल्यामुळे झिजून जाणारे भागही कमी असतील. तुमच्याकडे जे बिघडेल ते वयाने बिघडेल: रबर, सील, कनेक्टर, बोर्ड. जास्त मर्यादेची महागडी योजना पुढे केली तर घेऊ नका, उपयोग शून्य.

करार दोन जातींचे असतात आणि एका नजरेत ओळखू येतात. एकात 'खालील भाग समाविष्ट' अशी यादी असते, दुसऱ्यात 'खालील भाग वगळून सर्व' अशी. पहिल्यात यादीबाहेरचं काहीही तुमचं. दुसऱ्यात यादीबाहेरचं काहीही त्यांचं. गंमत म्हणजे पहिल्या जातीची यादी लांबलचक आणि भारदस्त दिसते, म्हणून लोकांना तीच भरीव वाटते. शक्यतो दुसरी घ्यावी. आणि ती गाडी बनवणाऱ्या कंपनीची असावी. तिसऱ्याच कुणाची वॉरंटी डीलरच्या काउंटरवर डीलरच्याच लोगोखाली विकली जाते. कागदावर 'क्लेमची जबाबदारी' कोणाच्या नावे आहे ती ओळ शोधा. तिसऱ्या कंपनीच्या कराराला बहुधा दर क्लेमची कमाल रक्कम असते, कधी भागांवर घसारा असतो, कधी नव्याऐवजी जुना किंवा रीकंडिशन्ड भाग बसवायची मुभा असते. शिवाय ती कंपनी तीन वर्षांनी धंद्यात असेल का, हा प्रश्न उरतोच.

क्लेम प्रत्यक्षात कसा चालतो ते सांगतो, कारण करार वाचताना हे डोळ्यांपुढे असलं की कलमांचा अर्थ लागतो. समजा गाडी लिंप मोडमध्ये गेली, म्हणजे दोष दिसताच तिने स्वतःच जोर कमी केला, टो करून आली. अ‍ॅडव्हायझर जॉब कार्ड उघडतो, टेक्निशियन स्कॅनर लावतो. गाडी नुसता फॉल्ट कोड ठेवत नाही. त्या क्षणी वेग किती, इंजिनाचं तापमान किती, किती किलोमीटरवर घडलं, हे सगळं फ्रीझ फ्रेममध्ये साठवते. वर्कशॉप ते कोड, फोटो आणि सर्व्हिस इतिहास वॉरंटी विभागाला पाठवतं. पलीकडे बसलेला माणूस बहुधा मंजुरी लगेच देत नाही, 'उघडून दाखवा' म्हणतो. इथे ग्राहकापुढे एक कागद येतो, त्यावर लोक न वाचता सही करतात. त्यात लिहिलेलं असतं की क्लेम नाकारला गेला तर उघडण्याची मजुरी ग्राहक देईल. गिअरबॉक्स किंवा इंजिन उतरवणं हे लहान काम नाही. क्लेम नाकारल्यावर गाडी सुटी पडलेली, मजुरीचं बिल समोर आणि जोडून परत नेण्याचा खर्च वेगळा, अशी माणसं मी टेबलापलीकडे पाहिली आहेत. म्हणून निदानाचा आणि उघडण्याचा खर्च कोणाचा, हे कलम घ्यायच्या आधी शोधा. गाडी वर्कशॉपमध्ये पडून राहील त्या दिवसांची बदली गाडी आणि टोइंग आहे का, तेही तिथेच कुठेतरी असतं.

क्लेम नाकारायचं एक नेहमीचं कारण माहितीये? दोष आढळल्यावरही गाडी चालवत राहणं. वॉटर पंप गेला, हा दोष, वॉरंटीत बसतो. पण तापमानाचा काटा लाल झाल्यावर 'घर जवळच आहे' म्हणून माणूस पाच किलोमीटर तसाच गेला, हेड वाकलं, गॅस्केट गेलं. पंप मिळतो, हेड मिळत नाही. आणि किती वेळ तापलं हे पुष्कळ गाड्यांत नोंदलेलं असतं, त्यामुळे 'लगेच थांबलो होतो' म्हणून भागत नाही. याची दुसरी बाजूही आहे. वगळलेल्या भागामुळे समाविष्ट भाग गेला तर? टायमिंग बेल्ट झिजणारा भाग; तो तुटून व्हॉल्व्ह वाकले तर बहुतेक करार हात वर करतात. 'परिणामी नुकसान' हा शब्द करारात कुठे आहे आणि कोणाच्या बाजूने आहे, ते बघाच.

सर्व्हिस बाहेर केली तर चालते का, हे देशादेशांत बदलतं. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार केवळ बाहेर सर्व्हिस केली एवढ्या कारणाने उत्पादकाला आपली वॉरंटी नाकारता येत नाही. पण विकत घेतलेली वाढीव वॉरंटी हा स्वतंत्र करार असतो आणि त्यात अधिकृत सर्व्हिसची अट असू शकते. तशी अट असेल तर दोन वर्षांच्या अधिकृत आणि बाहेरच्या सर्व्हिसमधला फरकही वॉरंटीच्या किमतीत मिळवा. तो खर्चही तुम्ही त्या करारापायीच करणार आहात. कायदा काहीही असो, बिलं मात्र तारीख, किलोमीटर आणि ऑइलच्या ग्रेडसकट ठेवा.

बाहेरून केलेल्या करामतींबद्दल एवढंच सांगतो की इंजिनाचं रीमॅपिंग (जोर वाढवायला त्याचं सॉफ्टवेअर बदलणं) केलं असेल तर वॉरंटीवर एक पैसाही घालू नका. परत मूळ सॉफ्टवेअर टाकलं की कळत नाही हा भ्रम आहे. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, किती वेळा फ्लॅश झाला (त्यात सॉफ्टवेअर टाकलं गेलं) त्याचा हिशोब बरेच ईसीयू स्वतः ठेवतात. हॉर्न, दिवे, कॅमेरा बसवताना मूळ वायरिंग कापलेलं असेल तर इलेक्ट्रिकल क्लेम धोक्यात. कपलर लावून जोडलेलं असेल तर सहसा भागतं.

बाकीच्या गाड्यांबद्दल विचारणारे येतीलच, म्हणून झटपट. बिनटर्बोचं पेट्रोल, मॅन्युअल: पैसे वाचवा. टॉर्क कन्व्हर्टरवाली (क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारी) जुनी, नावाजलेली ऑटोमॅटिक: मीही घेणार नाही. एएमटी (मॅन्युअल गिअरबॉक्सच, पण क्लच आणि गिअर यंत्र हलवतं): ते हलवणारा अ‍ॅक्चुएटर समाविष्ट असेल आणि किंमत कमी असेल तर विचार करा. डिझेल: कॉमन रेलचे (मोठ्या दाबाने डिझेल फवारणाऱ्या यंत्रणेचे) इंजेक्टर आणि हाय प्रेशर पंप महाग आहेत खरे, पण हा क्लेम आला की इंधनात भेसळ होती का, पाणी होतं का, हे तपासलं जातं आणि तिथेच तो बऱ्याचदा अडतो, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) तुंबणं तर वापराचा दोष मानला जातो, कारण सतत छोट्या फेऱ्या मारल्या की काजळी जळून तो साफ होतच नाही. इलेक्ट्रिक: बॅटरीला बहुतेक उत्पादक वेगळी ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी देतातच, क्षमता सहसा ७० टक्क्यांच्या खाली गेली तर, त्यामुळे वाढीव वॉरंटीत ऑनबोर्ड चार्जर, डीसी-डीसी कन्व्हर्टर आणि मोटरचा इन्व्हर्टर आहेत का तेवढंच बघा. एअर सस्पेन्शनवाली आलिशान गाडी: डोळे मिटून वॉरंटी घ्या. हे वाक्य मी फक्त याच गाडीबद्दल म्हणतो.

गाडीच नवी घेत असाल आणि कर्जाच्या रकमेतच वॉरंटी घालून देत असतील, तर थांबा. तिचा हप्ता पहिल्या महिन्यापासून सुरू होतो, त्यावर व्याज लागतं आणि संरक्षण सुरू होतं तीन वर्षांनी. घ्यायचीच तर रोख घ्या, आणि नवी गाडी घेतानाच घ्यायची सक्ती बहुधा नसते. मूळ वॉरंटी संपेपर्यंत मुदत असते, फक्त किंमत टप्प्याटप्प्याने वाढते. तो टप्प्यांचा तक्ता मागून घ्या. 'आज शेवटचा दिवस' म्हणणाऱ्याला तक्ता दाखव म्हटलं की आवाज बदलतो. कंपनीची योजना असेल तर तीच दुसऱ्या अधिकृत डीलरकडेही मिळते आणि कमिशन सोडायची तयारी त्याची जास्त असू शकते, तेव्हा दोन ठिकाणी विचारा.

वॉरंटी न घेतलेल्यांसाठीही एक दार अर्धवट उघडं असतं. मुदत संपल्यावर थोड्याच दिवसांत मोठा दोष आला आणि सगळी सर्व्हिस अधिकृत ठिकाणी झालेली असेल, तर 'गुडविल' मागता येतं. कंपनी भागाचा काही टक्के खर्च उचलते, कधी सगळा. हा हक्क नाही, मर्जी आहे, पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही. लेखी मागा, इतिहास जोडा, सूर सभ्य ठेवा. मुदत संपून दोन महिने झालेल्याला मिळतं, दोन वर्षे झालेल्याला नाही.

आता तुमच्या हातात दोन महिने आहेत, ते वॉरंटी घेण्याहून महत्त्वाच्या कामाला लावा. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी थंड इंजिनावर रिव्हर्स घाला, धक्का बसतो का बघा. थोड्या चढावर ब्रेक सोडून गाडीला हळूहळू सरकू द्या, थरथर येते का बघा. स्टीअरिंग उभ्या गाडीत या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा आणि कान द्या. एसी पूर्ण जोरात ठेवून वीस मिनिटं उभ्या गाडीत बसा. खालून इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यांवर तेलाचा ओलावा आहे का, ते लिफ्टवर बघायला सांगा. जे सापडेल ते मूळ वॉरंटी चालू असतानाच जॉब कार्डवर लिहून घ्या, नेमक्या शब्दांत: 'थंड असताना पहिल्या गिअरमध्ये थरथर'. 'जनरल चेकअप' असं लिहू देऊ नका. मुदतीत नोंदलेली तक्रार मुदतीनंतर वाढली तर भांडायला कागद असतो. तोंडी सांगितलेल्या तक्रारीला काही नसतं. 'हे नॉर्मल आहे, सगळ्याच गाड्यांत येतं' असं उत्तर आलं तर तेही कार्डावर लिहून द्या म्हणावं. गिअरबॉक्सचं सॉफ्टवेअर अपडेट आलेलं असेल तर ते आत्ताच टाकून, क्लचचं अ‍ॅडाप्टेशन करून घ्या. पुष्कळदा थरथर तेवढ्यानेच जाते. मात्र अपडेटनंतर आठवडाभर चालवून बघा, आणि थरथर परत आली तर मुदत संपायच्या आत दुसरं जॉब कार्ड उघडा.

तोवर क्लच पॅकबद्दलच्या ईमेलचं उत्तर आलेलं असेल. दोन्ही भाग आहेत असं आलं तर दोन वर्षांची घ्या. मेकाट्रॉनिक आहे, क्लच पॅक नाही असं आलं तर मेकाट्रॉनिकचं एस्टिमेट वॉरंटीच्या चौपटीहून जास्त असेल तरच घ्या. उत्तरच आलं नाही तर घेऊ नका.